पुतळ्यांची नजर

कपड्यांच्या दुकानातला पुतळा गिऱ्हाइकाकडे बघत नाही. तो गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघतो. हे आपोआप होत नाही. पुतळ्याची मान साच्यातच डावीकडे वळवलेली असते, आणि ती जेवढी डावीकडे असेल त्याच्या निम्म्याने रंगवणारी बाई बुबुळे उजवीकडे ओढून घेते. या ओढाताणीतून जी नजर उरते ती गिऱ्हाइकाच्या खांद्याला घासून जाते. पुतळा थेट बघू लागला की गिऱ्हाईक कपडा विसरते, अवघडते आणि बाहेर पडते.

धाकटीने हा नियम अकरा वर्षे पाळला. पुतळ्यांच्या कारखान्यात ती चेहरे रंगवायची. तिथे चेहऱ्यांना नंबर होते: दोन, पाच आणि सात. सात नंबर सगळ्यात जास्त खपायचा. उंच भुवया, मिटलेले ओठ, वय कोणतेच नाही. झोपेत हातात ब्रश दिला तरी सात नंबरच निघेल, असे ती म्हणायची, आणि हे ती अभिमानाने म्हणत नव्हती.

तिला स्वतःचे चेहरे काढायचे होते. ही बाई कुठेतरी राहते, हिला आज उठायला उशीर झालाय, हिचे सकाळीच कुणाशी तरी वाजलेय, असे बघणाऱ्याला वाटावे असे चेहरे. त्यासाठी स्वतःची जागा काढायची, एवढेच तिच्या मनात होते आणि ते तिने कुणाला सांगितले नव्हते. एक तडकलेले, बाद झालेले डोके तिने भंगाराच्या ढिगातून उचलले, पिशवीत घालून घरी नेले आणि सुट्टीच्या दिवशी त्यावर चाळिशीच्या एका बाईचा चेहरा काढला. डोळ्यांखाली थकवा आणि ओठांच्या एकाच कोपऱ्यात हसू.

तिसऱ्या दिवशी मालकाने तिला बोलावून घेतले. डोके कुठे आहे, त्यावर काय काढले आहे, सगळे त्याला ठाऊक होते. सांगितले होते थोरलीने. थोरली म्हणजे धाकटीची मोठी जाऊ. ती त्याच कारखान्यात साच्यांच्या खात्यात होती आणि दोघी एकाच घरात राहत होत्या.

मालकाने आवाज चढवला नाही. डोक्याचे पैसे कापून हिशेब करून टाकतो, असे म्हणून त्याने कारकुनाला हाक मारली आणि ती उठताना म्हणाला, "परत यावंसं वाटलं तर ये. दार उघडं आहे. पण हातात ब्रश मिळणार नाही, पॉलिशपेपर मिळेल."

पॉलिशपेपर म्हणजे पुतळे घासण्याचे काम. कारखान्यात नव्या बाईला पहिली चार वर्षे तेच असते. धाकटीनेही ते केले होते, आणि तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांवरच्या रेषा त्यात कायमच्या गेल्या होत्या.

त्या दिवसापासून ती थोरलीशी बोलली नाही. थोरलीही समजावायला आली नाही. दोघी एकाच ओट्यावर पोळ्या लाटायच्या आणि निरोप सासूमार्फत जायचे. दूध उतू चालले आहे, हेसुद्धा सासूला आधी सांगावे लागायचे. सासू निमूटपणे दोन पावले चालत जाऊन ते दुसरीला सांगायची, तोवर दूध शेगडीवर आलेले असायचे.

पुढची तीन वर्षे धाकटी दुकानादुकानांत फिरली. जुन्या पुतळ्यांचे उडालेले ओठ, खरवडलेली नाके, पुसलेल्या भुवया ती जागेवर जाऊन रंगवून द्यायची. दुकानदार तिला दुकान उघडायच्या आधी बोलवायचे, कारण अर्धा चेहरा असलेली बाई गिऱ्हाइकाला दिसलेली चालत नाही. एकाने पुतळा झाल्यावर फळ्याही रंगवून घेतल्या. मध्येच तिने एका दाताच्या डॉक्टरची पाटी केली. एका नाटक मंडळीसाठी बारा मुखवटे केले. नाटक झालेच नाही आणि मुखवटे न्यायला कुणी आले नाही. मग आठ महिने ती खेळण्यांच्या कारखान्यात बाहुल्यांचे डोळे काढत होती. तिथे ब्रश नव्हता. काडीच्या टोकाला रंग लावून दोन ठिपके द्यायचे, दिवसाला चारशे बाहुल्या. मनगट सुजले तेव्हा ती पुन्हा पुतळ्यांकडे वळली.

घरात या फिरण्याला किंमत नव्हती. नवरा म्हणायचा, बायका तोंड रंगवतात हे ऐकले होते, दुसऱ्याचे तोंड रंगवून पोट भरणारी ही पहिलीच. दीर, म्हणजे थोरलीचा नवरा, त्याच्याही वर होता. कारखान्यातली बरी नोकरी सोडून दारोदार हिंडणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असे तो जेवताना पाण्याचा पेला ठेवता ठेवता म्हणायचा. तिला काढले होते, तिने सोडली नव्हती, हे त्याला माहीत होते.

गाडी अडायची ती एकाच ठिकाणी. चेहरे आवडले की दुकानदार विचारायचे, पूर्ण पुतळा करून देता का. धाकटीकडे चेहरा होता, धड नव्हते. धड करायला मातीचे काम यावे लागते, प्लास्टरचा साचा घ्यावा लागतो, त्यात काचेचे धागे आणि वाळून दगडासारखे होणारे रेझिन भरावे लागते. हे सगळे ज्या बाईला येत होते तिच्याशी ती बोलत नव्हती.

मग मालकाने बाहेरून पुतळ्यांची तयार धडे आणायला सुरुवात केली आणि साच्यांचे खाते बंद केले. सतरा वर्षांनंतर थोरली घरी बसली. ती उंच, काटेकोर आणि चुका काढण्यात पटाईत होती. कारखान्यातून निघताना तिने प्लास्टरची दोन पोती उघडपणे रिक्षात टाकली आणि पहारेकऱ्याकडे असे बघितले की त्याने दार उघडून धरले. घरी आल्यावर तिला करायला काही उरले नाही. ती धाकटीच्या पोळ्यांचे काठ बघू लागली.

महिनाभर हे सोसल्यावर सासूने दोघींना समोर बसवले. "तुमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य आहे, मला काही नवीन नाही," ती म्हणाली. "पण एकीकडे धड आहे आणि एकीकडे तोंड. दोन्ही घरात असून लोकांच्या दारात कशाला जाता?"

थोरलीने सासूला सांगितले, की तिला सांगा, मी कुणाच्या हाताखाली काम करणार नाही. धाकटीने सासूला सांगितले, की त्यांना सांगा, हाताखाली कुणी बोलावलेलं नाही. सासू म्हणाली, झालं, ठरलं.

घरामागे एक खोली होती. तिच्यात दिराचे जुने टायर, मोडका कूलर आणि एक दार नसलेले कपाट होते. दिराने ती दिली, पण वर्षअखेरपर्यंतच. तोवर एक तरी ऑर्डर पुरी करून दाखवा, नाहीतर खोली मोटारसायकल दुरुस्तीवाल्याला जाईल. दुरुस्तीवाला येऊन भिंती मोजूनही गेला होता. खोली गेली की थोरली घरातच राहणार होती. धाकटीला मात्र मालकाचे दार उघडे होते, आणि दारामागे काय आहे ते तिला माहीत होते.

ऑर्डर एका तयार कपड्यांच्या दुकानदाराने दिली. त्याच्याकडचे जुने पुतळे धाकटी दोन वर्षे रंगवत होती. तो नवे दुकान काढत होता, चाळिशीपुढच्या बायकांच्या कपड्यांचे. सात नंबरचा चेहरा बघून या बायका काचेबाहेरूनच परत जातात, असे त्याचे म्हणणे होते. धाकटीने त्याला तडकलेले डोके दाखवले. त्याने ते हातात घेऊन बराच वेळ बघितले, ही माझ्या मोठ्या मेहुणीसारखी दिसते, तिच्याशी माझं पटत नाही, असे सांगितले, आणि दहा पुतळे सांगितले.

काम सुरू झाले. सकाळी खोली थोरलीची, दुपारनंतर धाकटीची. एकमेकींना बघावे लागू नये म्हणून दोघींनी हे वाटून घेतले होते, आणि तेही सासूमार्फत. थोरली मातीतून धड उभे करायची, साचा घ्यायची, भरायची, सुकवायची आणि गोणपाटात गुंडाळून भिंतीला लावायची. डोकी वेगळी निघायची, ती फळीवर ठेवायची. धाकटीने चेहरे रंगवायला लाकडी घोडी केली होती, वर खुंटी असलेली. कारखान्यातल्या घोडीवर मान जेवढी वळलेली असते तेवढीच तिने ही खुंटी आठवणीने वळवली. अकरा वर्षांचे माप होते. तिने गोणपाट उघडून धड बघितले नाही. बघायची गरजच नव्हती.

चौथ्या आठवड्यात मालकाचा कारकून येऊन निरोप देऊन गेला. दोघी मिळून पुतळे करताय असे ऐकले. साचा आमच्यासारखा दिसला तर प्रकरण वकिलाकडे जाईल. दार थोरलीने उघडले होते. तिने ऐकून घेतले, दार लावले आणि खोलीत जाऊन, पहिला साचा अजून घ्यायचा होता त्या ओल्या मातीच्या धडाची मान सरळ करायला घेतली. कारखान्याची मान तिला कधीच आवडली नव्हती. रुसून बसलेल्या बाईसारखी ती वाटायची. तिने वळण बरोबर निम्म्यावर आणले. आता तिला कुणी नक्कल म्हणू शकणार नव्हते. मान खरोखर चांगली झाली होती.

हे धाकटीला सांगायला हवे होते. सासू घरात नव्हती. लेकीचे ऑपरेशन होते म्हणून ती तिच्याकडे पंधरा दिवस गेली होती. भिंतीवर खडूने लिहावे, असे थोरलीच्या मनात येऊन गेले. पण मग धाकटीने आपल्याला काय विचारले, हेही तिच्या मनात आले, आणि तिने हात धुतले.

दुकानात पुतळे जोडायला थोरली आणि दीर गेले. थोरलीने सांधे तपासले, धाकटीने काढलेल्या तोंडांकडे बघितलेही नाही. थोरली गेली म्हणून धाकटी गेली नाही.

दुकान गुरुवारी उघडले. दुपारी एकच्या सुमारास दुकानदाराचा फोन आला. तो फार थोडे बोलला. धाकटी पोचली तेव्हा दाराजवळच्या सातही पुतळ्यांची तोंडे भिंतीकडे केलेली होती, शिक्षा दिल्यासारखी. काचेतल्या तिघांच्या डोक्यांवर दुकानातल्या मुलींनी ओढण्या टाकल्या होत्या.

दुकानदाराने तिला दाराबाहेर नेले आणि गिऱ्हाइकासारखे आत यायला सांगितले. मग त्याने एकेक पुतळा वळवला. धाकटीने दोन पावले टाकली आणि थांबली. सगळे तिच्याकडे बघत होते. नजर खांद्यावरून जात नव्हती, सरळ डोळ्यांत येत होती. चेहरे तिने चांगले काढले होते, म्हणून ते जास्तच वाईट दिसत होते. आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलो आणि तिथल्या बायकांनी हातातले काम थांबवले, तसे.

सकाळपासून बावीस बायका दारातून परत गेल्या, असे दुकानदाराने सांगितले. एक तर पुतळ्याला "सॉरी" म्हणून बाजूने निघून गेली.

धाकटी काचेतल्या पुतळ्याजवळ गेली, मानेच्या सांध्यावर बोट ठेवले आणि तिला कळले. मान निम्मीच वळली होती. तिने बुबुळे जेवढी उजवीकडे ओढली होती तेवढीच मान डावीकडे होती. एकाने दुसरे कापले आणि नजर सरळ झाली. डोके फिरवून भागणार नव्हते. मानेची खुंटी खाचेत बसते आणि खाच रेझिनमध्ये पक्की असते.

गल्ल्याजवळ मालक उभा होता. दुकानदाराचे जुने पुतळे त्याच्याच कारखान्यातले होते, त्यामुळे उद्घाटनाला तोही आला होता. तो पुतळ्यांसमोरून एकदा हळू चालत गेला. "अकरा वर्षं शिकवलं," तो दुकानदाराला म्हणाला, धाकटीला नाही. उद्या दहा वाजता दहा पुतळे टेम्पोत घालून दारात आणतो, पसंत पडले तर उतरवून घ्या, असेही त्याने सांगितले. दुकानदाराने धाकटीला तेवढाच वेळ दिला. सकाळी सातला शटर उघडतो, दहाला गिऱ्हाईक. तोपर्यंत डोळे सरळ करा, म्हणजे वाकडे करा, काय ते तुमचं तुम्ही बघा.

दहा जोड्या आणि तीन तास. बुबुळ थिनरने पुसायचे, पांढरा हात द्यायचा, तो वाळला की नवे बुबुळ. हे तिला येत होते. पण नजर कुठे पडते हे ब्रश धरलेल्या माणसाला कळत नाही, कारण तो पुतळ्याच्या नाकाशी नाक लावून उभा असतो. गिऱ्हाईक जिथे उभे राहील तिथून कुणीतरी सांगावे लागते. कारखान्यात हे मुकादम करायची. नवऱ्याला ती विचारू शकली असती, पण त्याने पहिल्या पुतळ्यालाच बरे आहे, चालेल, असे म्हटले असते.

सकाळी सातला ती शटरपाशी पोचली तेव्हा थोरली आधीच येऊन उभी होती. फोनवर दुकानदाराचा आवाज तिनेही ऐकला होता.

दोघी आत गेल्या. धाकटीने काचेतल्या पुतळ्यापुढे स्टूल ठेवले, बुबुळे पुसली, पांढरे दिले, नवे डावे बुबुळ टेकवले आणि थांबली. मागे पाच पावलांवर थोरली उभी होती. दुकानात तिसरे कुणी नव्हते. पुतळ्याच्या गालावरून थिनरचा एक ओघळ खाली आला.

"माझ्याकडेच बघतेय," थोरली म्हणाली.

तीन वर्षांत तिने धाकटीला उद्देशून काढलेले हे पहिले वाक्य होते.

"किती?" धाकटीने मागे न बघता विचारले.

"किती म्हणजे? तांदळाएवढं डावीकडे घे. तुझ्या डावीकडे. नाही, पुतळीच्या."

"एकच काय ते सांगा."

"पुतळीच्या. तुला डावं-उजवं कळत असतं तर आज इथं आलो नसतो."

"मान कुणी फिरवली?"

"फिरवली नाही, सरळ केली. मालकाचा कारकून वकिलाची धमकी देऊन गेला होता. चांगली केली."

"मला सांगितलं असतं तर बुबुळ हललं असतं."

"तू गोणपाट उघडून बघायचं होतंस. धडावर डोकं बसतं, फळीवर नाही."

धाकटीने बुबुळ तांदळाएवढे हलवले. थोरली म्हणाली, गेली, खांद्यावरून गेली. मग तिने गुडघे वाकवले, कारण सगळी गिऱ्हाइके तिच्याएवढी उंच नसणार. वाकून बघितल्यावर नजर तिच्या कपाळावर येत होती. ती खालीही घ्यावी लागली. पुढच्या प्रत्येक पुतळ्यासमोर थोरली आधी ताठ उभी राहिली, मग अर्धी वाकली, मग बाजूने चालत आली. तिचे गुडघे वाजत होते आणि प्रत्येक वेळी ती एक शिवी देत होती. ती गुडघ्याला होती की धाकटीला, हे धाकटीने विचारले नाही.

सहाव्या पुतळ्यापाशी पांढरा रंग वाळायची वाट बघताना धाकटी बोलली. "मालकाला तुम्ही सांगितलंत."

"सांगितलं."

"का?"

"भंगारातलं डोकं मोजणीत कमी पडलं. साच्यांच्या खात्यात झडती सुरू झाली. नऊ बायका रांगेत उभ्या केल्या होत्या, पिशव्या उपड्या करत होते. आणि डोकं तुझ्या पलंगाखाली. मी काय करायचं होतं, त्या नऊ जणींकडं बघत बसायचं?"

"मला आधी सांगायचं होतंत."

"तू नेताना मला विचारलं होतंस?" थोरली म्हणाली. "रंग वाळला. काढ."

दहाला दहा मिनिटे कमी असताना नऊ पुतळे झाले होते. दहाव्याचे एक बुबुळ लागले होते, दुसरे ओले होते आणि ओघळत होते. थोरलीने शेजारच्या मांडणीवरची रुंद काठाची टोपी उचलली आणि त्या पुतळ्याच्या भुवयांपर्यंत खाली ओढली.

दुकानदार आला. त्याच्या मागे मालक आला. बाहेर टेम्पो उभा होता, त्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले दहा सात नंबर दिसत होते. दुकानदार दारातून आत आला, परत बाहेर गेला, परत आत आला. त्याने आपल्या सेल्सवालीला आत यायला सांगितले. ती सरळ कपड्यांपाशी गेली आणि एका कोटाची बाही हातात घेऊन बघू लागली. टोपीवाल्या पुतळ्यापाशी दुकानदार थांबला, काठ उचलून खाली बघितले आणि काठ परत सोडला.

मग तो दोघींसमोर आला. टेम्पो परत न्या, असे त्याने मालकाला सांगितले, पण मालक हलला नाही. दुकानदाराला अजून बोलायचे होते. दोन महिन्यांनी दुसरे दुकान निघणार होते, त्याला चौदा पुतळे लागणार होते. चेहरे हेच हवेत. मात्र कालचा दिवस परत नको. तुमच्या घरातली भांडणे माझ्या काचेत नकोत, असे तो स्पष्ट म्हणाला.

"चूक कुणाची झाली तेवढं सांगा," तो म्हणाला. "जिची नाही तिला ऑर्डर. पुढं मी फक्त तिच्याशी बोलेन."

मालकाने हात मागे बांधले आणि वाट बघू लागला. त्याला दोघी ठाऊक होत्या.

"डोळे तिनं काढलेत," थोरली लगेच म्हणाली.

धाकटीजवळ उत्तर तयार होते. मान न सांगता बदलली, हे चार शब्द ती कालपासून तोंडात धरून होती. ते ती बोलली असती तर ऑर्डर तिची झाली असती, आणि धड करायला घरात कुणी उरले नसते. शिवाय मान बदलली हे मालकाने आत्ता इथे ऐकले असते, आणि कुणाच्या सांगण्यावरून घाबरून बदलली, हेही त्याला कळले असते. पण ते शब्द तिने आतच ठेवले ते एवढ्याचसाठी नाही. सकाळी थोरली जे बोलली होती ते खरे होते. डोके धडावर बसते.

"हो," ती म्हणाली. "मान न बघता डोळे काढले. चूक माझी."

थोरलीने तिच्याकडे बघितले नाही. दुकानदाराने खिशातून कार्ड काढून थोरलीला दिले. निघताना धाकटीजवळून जात मालक हळू आवाजात म्हणाला, "पॉलिशपेपर आणून ठेवतो." मग त्याने बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला मागे घे म्हणून हात केला.

ऑर्डर पुरी झाली होती, त्यामुळे खोली राहिली. दिराने दुरुस्तीवाल्याला नाही सांगितले आणि बदल्यात टायर परत आत आणून ठेवले. पण आता खोली पूर्ण दिवस थोरलीची झाली. तिने चौदा धडांची माती मळली, साचे घेतले, भरले. धाकटी खोलीत गेली नाही. तिला कुणी बोलावले नव्हते. ती दुकानांतून ओठ आणि भुवया रंगवत फिरत राहिली, आणि एकदा कारखान्याच्या रस्त्याने जाताना फाटकापर्यंत जाऊन परत आली.

तीन आठवड्यांनी थोरलीची डोकी तयार झाली. तिने कारखान्यातल्या एका रंगवणारीला निरोप धाडला. मालकाने मना केल्याचे उत्तर आले. मग तिने स्वतः ब्रश घेतला. दोन दिवस खोलीचे दार बंद होते. तिसऱ्या दिवशी सासूने आत डोकावले आणि लगेच बाहेर आली. फळीवरची पुतळी आपल्याच नाकाकडे बघतेय, असे तिने जेवताना सगळ्यांना सांगितले. दीर हसला. थोरली ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली खोलीच्या दारात उभी राहून सासूला म्हणाली, तिला सांगा, डोकी सुकलीत. धाकटी तिथेच चार हातांवर कपडे वाळत घालत होती. सासू तिच्याकडे वळली.

"आई, तुम्ही बसा," धाकटी म्हणाली. ती खोलीच्या उंबऱ्याशी गेली. "वहिनी, कामाचं असेल ते मला सांगायचं. तोंडावर."

"सांगितलं. डोकी सुकलीत."

"घोडीवर काढणार नाही. आधी सगळी डोकी धडावर बसवा. उभ्या पुतळीचे डोळे काढीन."

"दुप्पट वेळ लागेल."

"लागू दे. आणि बिलावर दोघींची नावं."

"माझं वर."

"वर ठेवा. पण बुबुळ टेकवताना समोर तुम्ही उभं राहायचं. प्रत्येक पुतळीला. वाकून, उभं राहून, बाजूनं."

"चौदा वेळा गुडघे मोडू?"

"अठ्ठावीस. दोन डोळे असतात."

थोरलीने आत जाऊन पहिले धड गोणपाटातून सोडवले, डोके खाचेत बसवले, तळहाताने ठोकले आणि पुतळी उजेडात आणून उभी केली. नाकाकडे बघणारे बुबुळ धाकटीने थिनरच्या बोळ्याने पुसून टाकले. सासू थोडा वेळ दारात थांबली. मग तिच्यासाठी तिथे काही काम दिसेना, म्हणून उरलेले कपडे वाळत घालायला गेली.

धाकटीने आधी भुवया घेतल्या. थोरली पाच पावले मागे गेली, भिंतीला पाठ टेकली आणि हात कमरेवर ठेवले.

"डावी भुवई वर गेलीय," ती म्हणाली.

गेली होती. धाकटीने ती पुसली आणि पुन्हा काढली.